भ्यालेल्या बोक्याची साखर

बाबा, आज दवाखाना दुपारी तीनलाच बंद केला आणि तुमच्या पाटावर बसून हे लिहिते आहे. पाट म्हणजे तोच, दवाखाना उघडला त्या दिवशी तुम्ही औषधांच्या खोक्याच्या फळ्या ठोकून करून आणला होतात तो. इतकी वर्षं मी त्याच्यावर पिण्याच्या पाण्याचा जार ठेवत होते. आज जार खाली उतरवला, फडक्यानं पाट पुसला आणि बसले. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होत आली. एवढ्या काळात तुम्हाला काही सांगावं असं फारसं वाटलं नाही, किंवा वाटलं तेव्हा मी दुसरं काही काम काढलं असेल. तुमच्याशी बोलताना मधलं मधलं गाळून सांगायची मला सवय होती. तुम्हाला ते लगेच कळायचं आणि तुम्ही नेमकं गाळलेलंच विचारायचात. म्हणून आज सगळं क्रमानं सांगते, माझ्या मनाविरुद्ध का होईना.

सकाळी दहाच्या सुमाराला मावशी आल्या. त्याच मावशी, उरणच्या खाडीकडच्या, पनवेलच्या मासळी बाजारात कोपऱ्यातल्या ओट्यावर बसायच्या आणि ज्यांच्याकडून तुम्ही दर रविवारी मासळी आणायचात त्या. आता ओट्यावर त्यांची सून बसते. मावशी पार वाकल्या आहेत, पण आवाज तसाच, रस्त्याच्या पलीकडून ऐकू येणारा. एका हातात काठी, कमरेवर मासळीची टोपली, तिच्यावर जाळ्याचा तुकडा घट्ट बांधलेला आणि आत एक जाडजूड पिवळा बोका. त्यांना पायरी चढताना मी पाहत राहिले. सतरा वर्षांपूर्वी त्या याच पायरीवरून अशीच टोपली घेऊन आल्या होत्या, आणि त्या टोपलीत त्यांची भुरी मांजर होती. त्या मांजरीचं पुढे काय झालं हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज तेच सांगायला बसले आहे, पण आधी बोक्याचं.

“डाक्टरीण बाय, यो बग कसा झालाय,” मावशी दारातूनच सुरू झाल्या. “लेकाच्या ट्रेलरात झोपला व्हता. गाडी गेली न्हावा शेव्याला, ह्यो मेला आतच. चार दिस गावला नाय. काल कंटेनरच्या मागं गावला, तवापासून खाय काय नाय, नुसता भिताडाला चिकटून बसतंय. लेक बोलला, खारघरच्या मोट्या दवाखान्यात नेऊ. मी बोलली, नाय. माज्या भुरीसाठी जिनं डोल्यातनं पानी काढलं, ती डाक्टरीण हाय माजी.” हे त्यांनी बाकावर बसलेल्या तीन माणसांच्या आणि एका लॅब्रॅडॉरच्या देखत सांगितलं. लॅब्रॅडॉर टोपलीवर भुंकायला लागला. मी टोपली आत घेतली.

टेबलावर बोका पोट चिकटवून बसला. बाहुल्या इतक्या मोठ्या झालेल्या की डोळ्यांचा रंगच दिसेना. हिरड्या पाहिल्या तर त्यांच्यावर पिवळसर झाक. तोंडाचा वास घेतला, साखरेच्या आजारात येतो तसा गोडूस वास येतो का म्हणून, पण मासळीच्या टोपलीतून आलेल्या बोक्याच्या तोंडाला दुसरा कसला वास येणार! मग कानाच्या कडेला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला आणि यंत्राकडे पाहत राहिले. तीनशे एकतीस. मांजराला दीडशे म्हणजे खूप झाली. बाहेर तो लॅब्रॅडॉर भुंकतच होता. इन्सुलिनची बाटली फ्रिजच्या दारात आहे. माझा हात त्या दारापर्यंत गेला, दार उघडलंसुद्धा, आणि तिथेच मी उभी राहिले. थंड हवा पायांवर येत होती. सतरा वर्षांपूर्वी यंत्रावर तीनशे शेहेचाळीस आले होते.

तुम्ही असतात तर विचारलं असतंत, मग अडलं कुठं? अडलं ते असं. बोक्याला खरंच मधुमेह असेल आणि त्यात चार दिवसांचा उपास, तर इन्सुलिनला उशीर केल्यावर तो हातचा जाऊ शकतो. आणि मधुमेह नसेल आणि मी इन्सुलिन दिलं, तर तो नक्कीच हातचा जातो, तोही संध्याकाळच्या आत. लघवी मिळाली असती तर निम्मा उलगडा झाला असता, पण मूत्राशय चाचपलं तर रिकामं. गेल्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी साखर सांगणारी एक तपासणी असते, तिचा नमुना मुंबईला जातो आणि उत्तर परवा येतं. परवापर्यंत त्या पिवळ्या हिरड्या थांबतील याची खात्री कोण देणार? मांजर उपाशी राहिलं आणि त्यात घाबरलेलं असलं की अंगावरची चरबी सुटून रक्तात येते आणि यकृतात जाऊन साठते. जाड मांजराचं जास्तच. यकृत चरबीनं तुंबलं की हिरड्या अशाच पिवळ्या पडतात. मावशी काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या.

तुम्हाला आठवतं, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत आले होते आणि स्वयंपाकघरात तुम्हाला अधिवृक्क ग्रंथी शिकवत होते? आई भाकऱ्या थापत होती. तुम्ही भिजवून मोड आणलेले वाल सोलत बसला होतात, बोटांच्या चिमटीत दाबलं की टरफल एकीकडे आणि दाणा एकीकडे. तोंडी परीक्षेत मी या विषयात पहिली आले होते आणि ते कुणाला तरी ऐकवायचं होतं. मी सांगत होते, मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहानशा ग्रंथी असतात, मांजरात तर शेंगदाण्याएवढ्याच. जनावर घाबरलं की त्यांच्या गाभ्यातून एक रस सुटतो, तो यकृताला सांगतो साठवलेली साखर सोड, चरबीला सांगतो तूही वितळ, पळायला इंधन पाहिजे. आणि त्याच ग्रंथीच्या सालीतून दुसरा रस येतो, तो सावकाश, पण दिवसेंदिवस चालणारा. तो अंगातलं मांस मोडून त्याची साखर करायला लावतो, चरबी इकडची तिकडे करतो. तुम्ही ऐकत होतात, वाल सोलायचे थांबला नव्हतात. शेवटी म्हणालात, “म्हंजे भ्यालेल्या जनावराचं रगत गोड होतं, असंच ना? आनि लय दिस भ्यालं तर आतल्या आत झिजतं.” मी म्हणाले, “इतकं सोपं नसतं, बाबा.” आई हसली. वास्तविक मी तासभर सांगितलेलं तुम्ही दोन वाक्यांत आटपलं होतंत, आणि मला त्याचाच राग आला होता.

कारण तुम्हाला ते आधीपासून ठाऊक होतं, फक्त पुस्तकातून नाही. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तुम्ही तीस वर्षं ड्रेसर. कागदावर ‘व्रणोपचारक’ लिहिलेलं असायचं आणि तो शब्द तुमच्यासकट कुणीच वापरायचं नाही. शाळा सुटली की मी तिकडे यायचे. मला अजून ती काळी म्हैस दिसते. व्यायल्यापासून खात नाही म्हणून सुकापूरकडून टेम्पोतून आणलेली, नाकातून फुत्कार टाकत खोड्यात उभी आहे. साहेब, म्हणजे तिथले डॉक्टर, सिरिंज घेऊन तयार आहेत. व्यालेली म्हैस दुधासाठी अंगातली चरबी जाळते आणि तिची साखर खाली जाते, तो आजार आहे का ते बघायचं आहे. तुम्ही मात्र पालथ्या घमेल्यावर, म्हशीकडे पाठ करून बसला आहात. मांडीत डबा, डब्यात आईनं दिलेले वाल. एकेक दाणा सोलता आहात. साहेब विचारतात, “झालं का?” तुम्ही मागे न बघताच सांगता, “अजून रवंथ नाय सुरू, सायेब.” साहेब चिडतात, घड्याळ बघतात, केबिनमध्ये जाऊन चहा घेतात. आणि मग केव्हातरी तुमच्या पाठीमागे ते जड जबडे हलायला लागतात, कचर कचर, आणि तुम्ही डब्याचं झाकण लावून म्हणता, “आता घ्या.” एकदा साहेबांनी ऐकलं नव्हतं, टेम्पोतून उतरल्या उतरल्या रक्त घेतलं, साखर व्यवस्थित आली, आणि ती म्हैस आठवडाभर दुसऱ्याच औषधांवर राहिली. भीतीनं साखर वर आली आणि आजार तिच्याआड लपला. त्यानंतर साहेब चहा प्यायला निमूटपणे जायला लागले.

पाठ करून का बसता, मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, डोळ्यात बघितलं तर त्याला वाटतं आता हा खाणार. वाल का? तर हाताला काम असलं की माणूस घाई करत नाही. गाय, म्हैस, बकरी असेल तर रवंथ. कुत्रा असेल तर जांभई. मांजर असेल तर तोंड पुसायला लागेपर्यंत. हे तुमचे नियम मला पाढ्यांसारखे पाठ होते, आणि दवाखाना उघडला तेव्हा मी ते सगळे टाकून दिले. नवीन पनवेलात काचेचं दार, स्टीलचं टेबल, खारघरहून गाडीतून कुत्री आणणारी माणसं. त्यांच्यासमोर तुम्ही “आमी काय करतो” असं सुरू केलंत की माझे कान तापायचे. पाट आणलात तेव्हा मी तो मागच्या खोलीत नेऊन ठेवला. तुम्ही ते पाहिलंत.

आता भुरी मांजर. मासेमारी बंदीचे दिवस होते. मावशींनी सांगितलं, लय पानी पिते आणि वाळत चालली आहे. मी तेवढं ऐकलं आणि निदान मनात पक्कं केलं. टोपलीतून काढताना ती माझ्या हाताला ओरबाडून गेली, मग मी तिला टॉवेलात गुंडाळून मानेला धरून टेबलावर दाबली. मीच, माझ्याच हातांनी. तुम्ही दाराशी आतल्या बाजूला उभे होतात; मावशी बाहेर बाकावर, आतलं त्यांना दिसत नव्हतं. रक्त काढलं, तीनशे शेहेचाळीस. तुम्ही दारातून मावशींना विचारलंत, “काय खायला घालतेस तिला?” मावशी म्हणाल्या, बंदी हाय, ताजी मासली कुठली, सुकट नि खारवलेलं. तुम्ही माझ्याकडे वळून हळूच म्हणालात, “बाय, खारं खाते म्हून पानी पिते. आनि भ्यालीय लय. जरा थांब. तोंड पुसू दे तिला, मंग परत बघ.” त्या वेळी बाकावर एक बाई होत्या, पामेरियनवाल्या, इंग्रजीत बोलणाऱ्या. त्या हसल्या. बहुधा कुत्र्याकडे बघून हसल्या असतील. मी म्हणाले, “बाबा, तुम्ही ड्रेसर होतात. इथे डॉक्टर मी आहे.” तुम्ही बेसिनपाशी गेलात, हात धुतलेत. हात मळलेले नव्हते, तरी धुतलेत, साबण लावून. “बरोबर हाय, बाय,” म्हणालात आणि पायरी उतरून गेलात. त्यानंतर तुम्ही माझ्या दवाखान्यात आत कधी आला नाहीत. डबा द्यायला आलात तरी पायरीवरूनच हाक मारायचात.

मी मावशींना इन्सुलिन टोचायला शिकवलं. हुशार बाई, दोनदा दाखवल्यावर माझ्यापेक्षा सफाईनं टोचायला लागल्या. चौथ्या दिवशी, शनिवारी दुपारी, त्या मांजर पदरात घेऊन धावत आल्या. सकाळपासून झोपलीय असं वाटून त्यांनी तिला फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं, मग ती झटके द्यायला लागली. मी थेंब यंत्राला लावला आणि यंत्रानं आकडा दाखवलाच नाही. साखर मोजण्यापलीकडे खाली गेली की त्यावर दोन इंग्रजी अक्षरं येतात, तीच आली. मी शिरेतून साखर सोडली, हिरड्यांना मध चोळला, छाती दाबत राहिले. चारच्या आधीच ती गेली. मी रडले. मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि मी त्यांना म्हणाले, आजार फार पुढे गेला होता, मावशी. हे मी बोलले, बाबा, अगदी स्पष्ट शब्दांत, डॉक्टरच्या आवाजात.

संध्याकाळी घरी आले तर तुम्ही ओट्याशी उभे होतात. “मांजर कशी हाय?” “बरी आहे,” मी म्हणाले. हाताला मधाचा चिकटपणा अजून होता. दुसऱ्या दिवशी रविवार. तुम्ही बाजारातून रिकामी पिशवी घेऊन आलात. आईनं विचारलं तर म्हणालात, सुकट चांगली नव्हती. वालाचं बिरडं झालं. जेवताना तुम्ही पुन्हा विचारलंत, “मांजर कशी हाय, बाय?” मी भात कालवत म्हणाले, “बरी आहे, बाबा. सुधारते आहे.” तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर वर्षभर आपल्याकडे तुमच्या हातची मासळी आली नाही. गुडघे दुखतात, बाजारापर्यंत चालवत नाही, असं तुम्ही सांगितलंत, आणि मी तुम्हाला गोळ्या आणून दिल्या. मात्र मांजरीचं विचारणं थांबलं नाही. दिवाळीत विचारलंत. आईच्या आजारपणात, तिच्या उशाशी बसलेले असताना विचारलंत. तुमच्या शेवटच्या दिवसांत, बोलताना धाप लागत होती तेव्हाही, “ती मांजर, बाय?” मला वाटायचं, म्हातारपण, एकच गोष्ट धरून बसलेत. मला कधी कधी वैतागही यायचा. दर वेळी मी एकच उत्तर दिलं.

तर आज फ्रिजचं दार उघडं आणि मी उभी. दोन तास थांबल्यानं आभाळ कोसळणार नव्हतं, हे आता लिहिताना म्हणता येतं. सकाळी तसं वाटत नव्हतं. मी बाहेर जाऊन बाकावरच्या लोकांना हात जोडले, उद्या या म्हणाले. लॅब्रॅडॉरवाले रागावले. दाराला आतून कडी लावली, ट्यूब बंद केली. मागच्या खोलीत जमिनीवर चादर टाकून टोपली ठेवली, जाळं सोडलं. बोका टोपलीच्या तळाशी गोळा होऊन पडला, श्वास भराभर चाललेला. जार उतरवून पाट ओढला आणि त्याच्याकडे पाठ करून बसले. हाताला काम हवं होतं. वर घरी जाऊन मोड आलेले वाल घेऊन आले. परवा भिजवले होते, रविवारच्या बिरड्यासाठी. मावशी भिंतीला टेकून खाली बसल्या. “काय करतेस गो?” “थांबते, मावशी.” “सुई नाय देत?” “आत्ता नाही.” त्यांनी तोंड वाकडं केलं आणि डब्यात हात घातला. त्याही सोलायला लागल्या.

पहिल्या अर्ध्या तासात माझी नखं हिरवट झाली आणि मी एकही दाणा धड सोलला नाही. मागून आवाज नाही. मेला का? वळून बघायचं नाही. बघितलं तर सगळं पहिल्यापासून. मी मनात हिशेब मांडत होते, चार दिवस उपाशी, एक दिवस मावशीकडे, पाच दिवसांची चरबी यकृतात चाललेली, आणि मी इथे वाल सोलत बसले आहे. मी हरले तर या बाईला दुसऱ्यांदा काय सांगणार? पाऊण तास. रस्त्यावरून एक कंटेनरचा ट्रेलर हॉर्न वाजवत गेला आणि मागे टोपली करकरली. मी दात आवळले, म्हणजे पुन्हा शून्यापासून. माझ्याच पोटातल्या त्या दोन ग्रंथी काय करत होत्या ते मला कळत होतं, तोंड कोरडं पडलेलं, हाताचे तळवे ओले. दीड तास झाला. मावशींचा वाटा सोलून संपला होता, त्या माझ्यातले घेत होत्या. मग मागून एक बारीक, खरखरीत आवाज यायला लागला. थांबला, पुन्हा सुरू झाला. मावशींनी माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “तोंड पुसतंय.”

मी वळले नाही. आणखी पाच मिनिटं बसले. मग तशीच सरकत गेले, न उचलता, न धरता, तो पंजा चाटत असतानाच कानाची कड टोचली. त्यानं नुसता कान झटकला. थेंब पट्टीवर घेतला. एकशे अडतीस. माझा विश्वास बसेना, दुसरी पट्टी काढली. एकशे बत्तीस. मधुमेह नव्हताच. होती ती चार दिवसांची भीती आणि उपास. सकाळी मी ती बाटली उघडली असती तर आत्ता हा बोका झटके देत असता. मी नाकातून बारीक नळी घातली आणि थोडंसं पातळ अन्न सोडलं. आता काही दिवस असंच, थोडं थोडं, यकृत मोकळं होईपर्यंत. धोका पूर्ण टळलेला नाही, हे मी मावशींना सांगितलं. त्या खूश होत्या. मी खूश नव्हते. दोन पट्ट्या हातात धरून मी उभी होते, आणि मला बोका दिसतच नव्हता, ती भुरी मांजर दिसत होती, टॉवेलात माझ्या हाताखाली दाबलेली.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, “मंग मागल्या येलेला का नाय बसलो आपन असं?”

बाबा, मी सांगितलं. मधलं काही न गाळता. म्हणाले, “मावशी, बाबा मला थांब म्हणाले होते. मी थांबले नाही. तुमच्या भुरीला मधुमेह नव्हता. ती घाबरली होती आणि मी तिला घट्ट धरली होती. ती आजारानं गेली नाही, मी दिलेल्या इन्सुलिननं गेली. तुमच्या हातून टोचून घेतलं मी.” मला वाटलं, त्या आता बोका उचलतील आणि जातील, किंवा हातातली काठी घालतील. घालायला हवी होती.

मावशींनी वालाची टरफलं पदरातून झटकली. “मना ठावं हाय,” म्हणाल्या. “आकडा खोटा व्हता त्ये. पन तू धरली व्हती, हे नाय ठावं. तुजा बाबा येगलंच बोलला.”

“बाबा?”

“भुरीला पुरली शनवारी सांजच्याला. रईवारी तो आला सुकट न्यायला. मी बोलली, मांजर गेली माजी. तो उकिडवा बसला माज्यासमोर, बाजारात, पान्याच्या घानीत. बोलला, बाय, तुजी मांजर मी धरली व्हती, जोरान धरली, तिला भ्या घातलं, म्हून मशीनीनं खोटा आकडा दावला. पोरीचं काय चुकलं नाय. चुकलं त्ये माजं.” मावशींनी नखात अडकलेलं टरफल काढलं. “मी काय सोडला नाय त्याला. भर बाजारात शिव्या घातल्या. वरसभर मासली दिली नाय. यायचा, उबा ऱ्हायचा, मी तोंड फिरवायची. शेजारनीला बी सांगितलेलं, ह्याला देऊ नको. हातबी लावला नवता व्हय गो त्यानं?”

“नाही,” मी म्हणाले. “दाराशी उभे होते.”

त्यांनी काठी जवळ ओढली. मग बोक्याला माझ्याकडे सोडून, उद्या येते म्हणून उठल्या. पायरी उतरताना मागे न बघता एवढंच म्हणाल्या, “त्याला घातल्या त्या शिव्या तुला घालायला पायजे व्हत्या.” मी हो म्हणाले.

तेव्हापासून मी इथे बसले आहे. बोका मागे झोपला आहे, त्याचा श्वास आता संथ चालतो आहे. डब्यातले वाल सगळे सोलून झालेत. मी तो रविवार पुन्हा पुन्हा आठवते आहे. तुम्ही बाजारातून आलात, शिव्या खाऊन, पिशवी रिकामी. सुकट चांगली नव्हती म्हणालात. पाय धुतलेत, जेवायला बसलात, आणि मला विचारलंत, मांजर कशी हाय. तुम्हाला ठाऊक होतं. शनिवारी संध्याकाळी ठाऊक नव्हतं, तेव्हा तुम्ही खरंच विचारलं होतंत. पण रविवारपासून तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही दोन वर्षं विचारत राहिलात. तुम्ही माझ्याकडे पाठ करून बसला होतात, बाबा, एवढंच. माझी भीती उतरायची वाट बघत.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला कळत नाही. पाटाच्या खालच्या बाजूला तुम्ही ठोकलेला एक खिळा वाकून बाहेर आला आहे, त्याला अडकवून ठेवीन. एक राहिलं. मला कळायला आजचा दिवस लागला नाही. यंत्रावर ती दोन अक्षरं आली तेव्हाच कळलं होतं, मावशींशी खोटं बोलण्याच्या आधी आणि तुमच्याशी बोलण्याच्याही आधी.

मांजर गेली, बाबा.